मोटारमौलवींची सही

माझे मामू कुणालाच सहजासहजी माफ करत नसत आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटत नसे. "माफी म्हंजे काय टपरीवरचा चहा हाय का, आला त्येला पाजला?" असं ते म्हणायचे. पौडच्या बाजारात त्यांचं शेतपंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं, म्हणजे जळलेली तार बदलायचं दुकान होतं. तरुणपणी गुजरातेतल्या एका मदरशात आठ वर्षं शिकून ते मौलवी होऊन परतले, तेवढ्यात आजोबा गेले आणि दुकान त्यांच्या गळ्यात पडलं. त्यामुळे जळक्या मोटारी आणि शरियतचे सवाल दोन्ही एकाच लाकडी बाकावर येत. पौडापासून हिंजवडीजवळच्या माणपर्यंत सगळे त्यांना मोटारमौलवी म्हणत. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझे वडील लवकर गेल्यामुळे मला त्यांनीच वाढवलं.

त्यांच्या रागाची एक गोष्ट बाजारात सगळ्यांना पाठ होती. एका तारवाल्याने त्यांना वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार विकली. मामू भांडले नाहीत, शिवी दिली नाही. त्यांनी ती तार दुकानाच्या दारावर खिळ्याला टांगली आणि खाली पाटीवर खडूने त्या माणसाचं नाव, गाव लिहिलं. पाऊस-पाण्याने अक्षरं पुसली की पुन्हा लिहायचे. असं चार वर्षं चाललं. शेवटी तो माणूस स्वतः आला आणि सहा गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "मौलवीसाहेब, मी फशिवलं तुमाला." मामूंनी उठून तार उतरवली, पाटी पुसली आणि त्याला बाकावर बसवून वडापाव मागवला. तो गेल्यावर मी त्या गोष्टीवरून काहीतरी टोमणा मारला, तर माझ्यावरच डाफरले. "झालं त्येचं. आता त्येच्याबद्दल एक शब्द बोललास तर पाप तुझं."

मोटार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कशी जळली?" माणूस म्हणायचा, "काय म्हाईत, आपोआपच." मामू मोटार उघडायचे, काळी पडलेली वाइंडिंग बोटाने चाचपायचे आणि मग सावकाश सांगायचे, "इजेचा येक फेज गेला हुता, तरी तुमी चालूच ठिवली." नाहीतर, "इहिरीत पाणी नव्हतं, कोरडी फिरलीया." माणूस खजील होऊन हसायचा. खरं सांगणाऱ्याची मोटार ते आधी हातात घेत, खोटं बोलणाऱ्याची कोपऱ्यात पडून राही.

हिंजवडीला कंपन्या आल्या तसे मामूंचे सवालही बदलले. पूर्वी लोक तलाक आणि वारसाहक्काचं विचारायचे. आता शुक्रवारी नमाजानंतर गळ्यात कंपनीचं कार्ड घातलेली पोरं बाकावर रांग लावू लागली. हप्त्यावर फ्लॅट घेतला तर चालेल का? भविष्यनिर्वाह निधीवर मिळणारं व्याज ठेवायचं की वाटून टाकायचं? शेअर घ्यावेत का, आणि घेतले तर दारू बनवणाऱ्या कंपनीचे? मामू प्रत्येक सवाल आधी कागदावर लिहून घेत. जुन्या रिवाजाप्रमाणे त्यात खऱ्या माणसाचं नाव नसे, झैद आणि बकर हे दोघेच असत. झैदने क्रेडिट कार्डावर फ्रीज घेतला, बकरने झैदला कंपनीचे शेअर विकले, असं चालायचं. खाली जवाब, आणि जवाबाच्या वर एक ओळ न चुकता असायची: 'सवाल खरा असल्याच्या शर्तीवर.' मग सही. "मी फतवं काढणारा मुफ्ती न्हाई," ते प्रत्येकाला बजावायचे, "अवघड असंल तर मोठ्या मदरशात धाडीन."

डिजिटल नाण्यांचा सवाल आला तेव्हा त्यांनी मला कामाला लावलं. मी हिंजवडीत एका कंपनीत कंत्राटावर सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचो. तीन रविवार त्यांनी माझ्याकडून ते सगळं समजून घेतलं, वॉर्निशने माखलेल्या हाताने वहीत आकृत्या काढल्या. मला वाटलं होतं, ते एका शब्दात हराम म्हणून मोकळे होतील. पण नाही. "हातात दिसत न्हाई म्हून हराम म्हणू व्हय? बँकेतलं तरी कुटं दिसतंय?" ते म्हणाले. "मोठमोठ्या आलिमांचं ह्येच्यावर एकमत न्हाई, तर मी कोण? पण चार गोष्टी इचारीन. ती चीज खरंच त्येच्याकडं हाय का? मागितली तर मिळतीया का? उद्या भाव काय व्हईल ह्येच्यावर निस्ता जुगार तर न्हाई? आन् नफा आधीच ठरवून दिला का? ठरवून दिला की मी तितनं उठलो. जोखीम ज्येची, नफा त्येचा." हे उत्तर मी तेव्हा नीट ऐकलं असतं, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

आता त्या माणसाबद्दल. त्याचं नाव लिहायला माझा हात शिवशिवतो, पण कोर्टात केस आहे म्हणून त्याला नुसता टायवाला म्हणतो. पौडच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो मे महिन्याच्या उन्हातही टाय लावून एस. टी. स्टँडवर उभा राहायचा. त्याने हिंजवडीत काचेचं ऑफिस थाटलं आणि एक नाणं काढलं. प्रत्येक नाण्यामागे एक ग्रॅम सोनं तिजोरीत ठेवलंय, मागाल तेव्हा मिळेल, आणि सगळं शरियतला धरून, असं तो सांगायचा. मला म्हणाला, "तुझ्या मामूंचा फक्त एक कागद आण. मॅनेजर करतो तुला, कायमचा." मी तेव्हा पाचव्या कंत्राटावर होतो आणि सहावं मिळेल की नाही, माहीत नव्हतं. तो गोड बोलला आणि मी हुरळून गेलो. हा माणूस हे वाचत असावा, अशी माझी फार इच्छा आहे.

सवाल मीच लिहून नेला. झैदने सोनं विकत घेतलं, ताब्यात ठेवलं, त्याची नाणी बकरला विकली, बकर मागेल तेव्हा सोनं देतो. हे जायज आहे का? मामू मोटारीत तार भरत होते. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "सोनं तू डोळ्यानं पायलंस?"

मी मोबाइलवर फोटो पाहिला होता. चकचकीत लगडी, कुणाच्यातरी कपाटात. मी म्हणालो, "व्हय मामू, पायलं की."

त्यांनी हात पुसले आणि जवाब लिहिला, की अशी चीज खरोखर ताब्यात असेल तर तिचा व्यवहार जायज आहे. सही केली. शर्तीची ओळ त्यांनी लिहिली नाही. मी बोट दाखवलं, तर हसले. "सवाल तू आणलास. तुझ्या सवालाला कशाला शर्त लावू?" आयुष्यात त्यांनी ती ओळ एकदाच गाळली.

दोन महिन्यांत पौडच्या स्टँडजवळ आणि हिंजवडीच्या चौकात फलक लागले. कागदाचा वरचा अर्धा भाग, म्हणजे माझा सवाल, कापून टाकला होता. खाली फक्त जवाब आणि मामूंची सही, माणसाएवढी मोठी. शेजारी हिरव्या अक्षरांत, 'शरियतनुसार मान्य. दरमहा ठरलेली बरकत. दहा सभासद आणा, बक्षीस मिळवा.' मामू फलकाखाली स्कूटर थांबवून बराच वेळ वर बघत राहिले. "ठरलेली बरकत म्हंजे याजच की. त्या याजानं टोपी घातली म्हून काय झालं?" एवढं म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी त्याच दिवशी टायवाल्याच्या ऑफिसात जाऊन फलक काढायला सांगितला. तिथल्या पोराने त्यांना थंड पाणी दिलं आणि साहेब दुबईला गेल्याचं सांगितलं. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, तो घेतला गेला आणि राहिला तिथेच. येईल त्याला मामू सांगत होते, की हे माझं म्हणणं नाही. पण एक म्हातारा माणूस किती जणांना सांगणार? फलक स्टँडवर चोवीस तास उभा होता.

पावसाळ्यानंतर एका सोमवारी त्या नाण्याचं ॲप उघडेना. मंगळवारी काचेच्या ऑफिसला कुलूप. लोक टायवाल्याकडे कुठे जाणार? ते मामूंच्या दुकानावर आले. मुसलमान आले, तसे माणचे शेतकरीही आले. त्यात इंदूबाई होत्या. कंपन्यांना जमीन गेल्यावर उरलेल्या जागेत त्यांनी आठ खोल्या बांधल्या होत्या आणि कंपनीतली पोरं तिथे भाड्याने राहायची. पोरांची अनामत रक्कम त्यांनी त्या नाण्यात घातली होती. बाकीचे ओरडले, शिव्या दिल्या, एकाने मामूंची टोपी उडवली. इंदूबाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिल्या. दुकान बंद करताना मामू म्हणाले, "बाई, त्या कागदात तसं न्हवतं लिहिलेलं."

"मला तुमचं लिवल्यालं काय कळतंय, मौलवी?" त्या म्हणाल्या. "मला तुमची सही कळत हुती."

त्या वाक्याने मामू खचले. दोन दिवस जेवले नाहीत. शुक्रवारी नमाजानंतर ते मशिदीत उभे राहिले. गेली वीस वर्षं जुम्म्याची नमाज पढवणं आणि बयान, म्हणजे प्रवचन, तेच करत. त्यांनी सवाल आणि जवाब पूर्ण वाचून दाखवला आणि म्हणाले, "सवाल खरा हाय का ह्ये मी तपासलं न्हाई. शर्त लिहायची सोडली. चूक माझी हाय. आजपासनं मी पुढं उभा राहून नमाज पढवणार न्हाई, बयान करणार न्हाई, कुणाला जवाब देणार न्हाई." मी तिसऱ्या रांगेत घाम पुसत बसलो होतो. आता माझं नाव घेतील, आता घेतील, असं वाटत होतं. त्यांनी घेतलं नाही. मागे कुणीतरी बोललं, "किती घेतले म्हाताऱ्यानं?" आणि दोघेतिघे हसले. ते हसणारे चेहरे मला अजून आठवतात, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही घरच्या मयतीला मी गेलो नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "मामू, तुमी माझं नाव का न्हाई घेतलं?"

"मी का घिऊ? तुला तोंड न्हाई?" ते म्हणाले आणि ताट ओढून जेवायला बसले.

तेव्हापासून त्यांनी माझ्याशी वागण्यात काही बदल केला नाही, हेच वाईट होतं. ताप आला तर काढा करून द्यायचे, ईदेला कपडे घ्यायचे, माझ्या पोरीला स्कूटरवरून शाळेत सोडायचे. फक्त मी काही विचारलं की उत्तर द्यायचे नाहीत. बाजारात कोणता आंबा घ्यावा, इतकं साधं विचारलं तरी गप्प. माझ्या सवालावरचा त्यांचा विश्वास संपला होता. मी माफी मागितली की म्हणायचे, "कुणाफुडं मागतूयास ते बघ आधी." मी बघत नव्हतो. माझी बायको, तिचे भाऊ, मशिदीतली माणसं, सगळ्यांदेखत ते बोलायची माझ्यात हिंमत नव्हती.

टायवाल्याला पुढे अटक झाली. दोन वर्षांनी तो जामिनावर सुटून परत आला, कोर्टाची परवानगी काढली आणि उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, जायची घोषणा केली. आमच्यात अशा प्रवासाआधी घरोघर जाऊन 'कहासुना माफ करा', म्हणजे आजवरचं चुकलंमाकलं माफ करा, असं म्हणायची रीत आहे. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करतो, पण माणसाचा हक्क त्या माणसानेच माफ करावा लागतो. मक्केला जाऊन तो फिटत नाही. टायवाला चार चेले आणि व्हिडिओ काढणारा घेऊन दुकानात आला. "मौलवीसाब, कहासुना माफ करा."

मामू तार गुंडाळत होते. "काय काय माफ करू? येकयेक सांग."

"जे काय असंल ते."

"तसं न्हाई चालत. हितं मोटार आणली तरी मी इचारतो, कशी जळली."

टायवाला कॅमेऱ्याकडे बघून हसला, मामूंच्या गळ्यात हार घातला आणि पुढच्या दुकानात गेला. मामूंनी हार काढून बाकाखाली ठेवला.

जाण्याआधीच्या शुक्रवारी त्याने दुपारची दावत ठेवली. सबंध पौडला आमंत्रण. गल्लीत मंडप, आठ देगा बिर्याणी, रंगीत खुर्च्या. नमाज झाल्यावर मामू स्कूटर काढून माणला गेले आणि इंदूबाईंना मागे बसवून घेऊन आले. गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर इंदूबाई, एकीवर ते. आलेला प्रत्येक पाहुणा रीतीप्रमाणे सलाम करायचा. मामू सलाम घ्यायचे आणि शांतपणे म्हणायचे, "जावा, जेवा. मी अडवत न्हाई. निस्तं ह्या बाईंना इचारून जावा."

इंदूबाई नऊवारीचा पदर डोक्यावरून घेऊन समोरच्याच्या तोंडाकडे बघत. पहिला एक हॉटेलवाला आला. तो बुटांकडे बघू लागला आणि त्याला अचानक कामाची आठवण झाली. मग दोन मास्तर आले आणि परत फिरले. एक पुढारी गाडीतून आला, त्याने काच खाली केली, वर केली आणि गाडी मागे घेतली. मी समोरच्या पानटपरीशी उभा राहून बघत होतो. तासाभरात गल्लीत कुत्र्यांशिवाय कुणी शिरलं नाही. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे लिहिताना पुन्हा होतोय.

शेवटी टायवाला स्वतः बाहेर आला. त्या दिवशी टाय नव्हता, पांढरा झब्बा होता. "मौलवीसाब, दावतीला आलेल्यांना अडवणं कोणत्या शरियतमध्ये बसतं?"

"मी कुटं अडिवलं?" मामू म्हणाले. "जेवण कुणाच्या पैशाचं हाय, ह्ये इचारून खावा, येवडंच म्हणतूया. लोकांना हलालचा नाद तूच लावलास की."

 मागून टायवाल्याचे म्हातारे वडील आले. ते इंदूबाईंपुढे हात जोडून उभे राहिले आणि रडले. पंधरवड्यात त्यांनी घराशेजारचा तुकडा विकला आणि इंदूबाईंसह सात-आठ गरिबांचे पैसे घरपोच केले. बाकीच्यांची केस अजून तारखांवर आहे. टायवाला मुकाट्याने उमऱ्याला गेला, परत आला आणि आता दुसऱ्या तालुक्यात प्लॉट विकतो. मला त्याचं वाटोळं झालेलं बघायचंय. मामूंना तसं वाटत नव्हतं, हे मी कबूल करतो. त्या दिवशी इंदूबाईंना माणला सोडून आल्यावर ते मला म्हणाले, "येकाचं झालं." दुसरा कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या फुप्फुसात पाणी झालं. पुण्याच्या हॉस्पिटलात मी अकरा दिवस त्यांच्या उशाशी होतो. रोज हातपाय पुसायचो, दाढी विंचरायचो. डॉक्टरांनी मान हलवली त्या दुपारी मी त्यांचे पाय धरले. "मामू, आता तरी माफ करा."

त्यांनी मास्क बाजूला केला. माझ्या डोक्यावर हात ठेवला, केस विस्कटले, लहानपणी विस्कटायचे तसे. मग म्हणाले, "हितं न्हाई. तितं बगू." संध्याकाळी गेले.

जनाजा कब्रस्तानाबाहेरच्या मोकळ्या जागेत ठेवला होता. पौड लोटलं होतं. वर्षानुवर्षं त्यांच्याशी न बोललेले लोकही मान खाली घालून रांगेत होते. रस्त्याच्या कडेला माणची मंडळी, त्यात इंदूबाई. नमाजाआधी मयताच्या जवळच्या माणसाने पुढे होऊन सांगायचं असतं, की मरहूमचं कुणाशी काही देणं-घेणं राहिलं असेल तर माझ्याकडे या, आणि त्यांचं काही चुकलं असेल तर माफ करा. ते मलाच सांगायचं होतं. पहिलं वाक्य मी म्हटलं. दुसऱ्याला मी थांबलो. ह्या माणसाचं काय चुकलं होतं, जे मी लोकांकडून माफ करून घेणार होतो?

मी म्हणालो, "त्या कागदावरचा सवाल माझा होता. मामूंनी मला विचारलं होतं. मी खोटं बोललो. सोनं मी कधीच पाहिलं नव्हतं."

 रस्त्यावरून एक कंपनीची गाडी गेली. पहिल्या रांगेतला तो टोपी उडवणारा माणूस खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला त्याच्याबद्दल दया आली नाही.

मग मशिदीचे आताचे इमामसाहेब पुढे आले. नमाज सुरू करण्यापूर्वी ते मयताच्या वारसाची परवानगी घेतात. ते माझ्यासमोर थांबले, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि वळून रांगेतल्या इतरांना विचारलं, "इजाजत हाय का?" माझ्या मागे, माझ्या दोन्ही बाजूंना लोक म्हणाले, "हाय." मी मामूंपासून दोन हातांवर उभा होतो आणि मला कुणी विचारलं नाही. ज्याचा शब्द खोटा निघाला त्याला विचारू नये, हे मामूंना अगदी बरोबर वाटलं असतं.